पुराच्या पाण्यात आई शांत होती, मग बँकेच्या एका कागदाने का कोसळली?

चिपळूणची_लेक

परवा २२ जुलै झाली. चिपळूणच्या पुराला चार वर्षं झाली. दर वर्षी त्या दिवशी आमच्या आळीत कुणीतरी विषय काढतंच, आणि माझ्या डोक्यात तेच कोडं परत उभं राहतं. या वेळी इथे मांडतेय. इथे डॉक्टर आहेत, आईवडिलांचं करणारे आहेत, आणि स्वतः सत्तरी ओलांडलेलेही बरेच जण वाचतात.

२०२१ मध्ये आई ७४ वर्षांची होती, मी ४९. कोविडमुळे मी पुणं सोडून तिच्याकडेच येऊन राहिले होते. घर बाजारपेठेच्या मागच्या अंगाला. जुनं, लाकडी जिन्याचं, वर माळा. २१ तारखेला रात्रभर पावसाने उसंत घेतली नाही. पहाटे गटारातून पाणी उलटं यायला लागलं. ते बघून माझे हातपाय गळाले. आधी गाडी हलवू, की भावाला फोन करू, की चपला उचलू, काही सुचेना. आई उठली, केसांची गाठ मारली आणि म्हणाली, "अगो, आधी पिण्याचं पाणी भर."

घरात पाणी शिरतंय आणि ही म्हणते पाणी भर! पण नळ अजून चालू होता. कळश्या, हंडा, कुकर, पिठाचा रिकामा डबा, जे हाताला लागेल ते भरून आम्ही माळ्यावर नेलं. मग देव. मग कागदांची पत्र्याची पेटी. मग पोहे, गूळ, काडेपेटी, मेणबत्त्या. मेन स्विच बंद केला. गॅसचा सिलिंडर तिने दोरीने जिन्याच्या खांबाला बांधून टाकला, "तो तरंगतो आणि दारावर धडका देतो" म्हणून. मधल्या दाराच्या चौकटीवर खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे, २६ जुलै २००५ ची. वर जाताना तिने त्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथवर आलं तेव्हाही आपण वरच होतो." २०२१ ला पाणी त्या रेघेच्या पुष्कळ वर गेलं.

दीड दिवस आम्ही माळ्यावर काढला. लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. समोरच्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सून एकटी होती. आई तिला खिडकीतून हाका मारमारून बोलती ठेवत होती. माहेर कुठलं, भाऊ काय करतो, घावन येतं का. मी त्या दीड दिवसात दोनदा रडले. आई एकदाही नाही.

पाणी उतरल्यावर घरात मांडीएवढा चिखल. तोही तिने निभावला. पंचनामा, भांडी घासणं, कपाटं उन्हात टाकणं, सगळं. आणि मग जवळजवळ तीन आठवड्यांनी बँकेचं केवायसी निघालं. पासबुकाचा लगदा झालेला. ओटीपी ज्या नंबरावर यायचा ते सिम पाण्यात गेलेलं. मशिनवर अंगठा उमटेना, कारण भांडी घासून आणि वयाने बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्यात. तिसऱ्या खेपेला काउंटरवरचा मुलगा एवढंच म्हणाला, "आजी, नंबर जुळत नाही, सोमवारी या." आई तिथल्या बाकावर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिला असं रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी प्रेशर घेतलं तर १७८/९६. पुढचे दोन महिने ते धड खाली येईना. रात्री तीन तास झोप. आणि पुरात रडणारी मी? मी तोवर सावरले होते. भूक लागत होती, झोप लागत होती.

मग वय वाढलं की ताण झेलायची ताकद वाढते, की कमी होते? मी जमेल तसं वाचलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी यावर आयुष्य घालवलंय. त्यांचं म्हणणं असं की पुढे किती काळ उरलाय याची जाणीव बदलली की माणसाची निवड बदलते. तरुण माणूस पुढच्यासाठी साठवत असतो, म्हणून नको ती माणसं आणि नको ते वाद सहन करतो. वय झालं की जे मनाला पटतं तेवढंच धरायचं, बाकी सोडायचं. एप्रिल २०२० मध्ये, कोविड नुकता पसरत असताना, त्यांच्या गटाने १८ ते ७६ वयाच्या नऊशेवर अमेरिकन लोकांना रोजच्या भावनांबद्दल विचारलं होतं. जिवाचा धोका सगळ्यात जास्त कुणाला, तर म्हाताऱ्यांना. तरी मनाने जास्त स्थिर तेच निघाले.

दुसरं मला फार जवळचं वाटलं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९८० च्या दशकात पूर आले. तिथल्या वयस्क लोकांचा नॉरिस आणि मरेल या दोघांनी अभ्यास केला, तो १९८८ मध्ये छापून आला. ज्यांनी आधी पूर बघितला होता त्यांच्यात पुरानंतरची धास्ती फारशी वाढली नाही. ज्यांचा पहिलाच पूर होता ते जास्त हादरले. वाचताना मला चौकटीवरची ती रेघ दिसत होती.

पण मग बँकेतला तो बाक कसा समजायचा? तुमच्या घरातले अनुभव सांगाल का?

---

मुठाकाठ

अगदी अगदी. माझ्या आजीच्या अंगावरून पानशेत गेलं होतं, १२ जुलै १९६१. त्यानंतर घरात काहीही झालं, चोरी, आजोबांचं ऑपरेशन, काकांची नोकरी, तरी ती पदर खोचायची आणि म्हणायची, "पानशेतातून बाहेर आलो, हे काय घेऊन बसलात." तीच आजी घराबाहेरचा रस्ता सिमेंटचा करायला खणला तेव्हा दोन आठवडे जेवली नाही. रोज देवळात जायची वाट बंद झाली होती. आम्हाला तेव्हा तो हट्टीपणा वाटला. आज हे वाचून वाईट वाटतंय.

---

साधा_फिजिशियन

ताई, तुम्ही फार नेमकं मांडलंय. मी २६ वर्षं प्रॅक्टिस करतोय, सांगली भागात. २०१९ चा पूर पाहिलाय. त्यानंतर माझ्याकडे जे पेशंट येत राहिले त्यात तुमच्या आईसारखे खूप होते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत आहे. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ सुसान चार्ल्स यांनी २०१० मध्ये ते व्यवस्थित जोडून दाखवलं. वय झालेला माणूस ताण येण्याआधी आणि येताना तरुणापेक्षा चांगलं वागतो. वाद टाळतो, आधीचा अनुभव वापरतो, काय महत्त्वाचं ते पटकन ओळखतो. पण ताण एकदा अंगात भिनला, किंवा टाळता न येणारा आणि लांबणारा असला, की त्याचं शरीर तरुणासारखं पटकन पूर्वपदावर येत नाही. म्हणजे चूल पेटू न देण्यात म्हातारी माणसं वाकबगार. पण पेटलीच, तर निवायला वेळ लागतो.

असं का, ते थोडक्यात सांगतो. धोका दिसला की मेंदूतून निरोप निघतो आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सोडतात. पुरेसं झालं की मेंदूच "आता बस" असं कळवतो. हा ब्रेक लावण्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा वाटा असतो, आणि वयानुसार तोच भाग आक्रसतो. तरुण माणसाचं कॉर्टिसॉल सकाळी चढतं आणि रात्री अगदी खाली जातं. वय वाढलं की रात्रीची पातळी तेवढी खाली जात नाही. तुमच्या आईची तीन तासांची झोप इथे बसते.

दुसरं रक्तवाहिन्यांचं. त्या ताठर झालेल्या असतात. ताणात तरुणाचं हृदय धाडधाड पळतं, म्हाताऱ्या माणसाची नाडी तेवढी वाढत नाही पण वरचं प्रेशर जास्त चढतं. म्हणून बाहेरून माणूस शांत दिसतो. छाती धडधडत नाही, हात थरथरत नाहीत. आत मशिन लावलं तर आकडा १८०. मी माझ्या पेशंटच्या मुलांना कायम सांगतो, चेहरा बघून ठरवू नका, पट्टा बांधून बघा.

अजून एक. जपानमध्ये १९९० मध्ये हृदयाच्या एका दुखण्याचं पहिल्यांदा वर्णन झालं, ताकोत्सुबो. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा त्या मडक्यासारखा फुगतो. दिसतं अगदी हार्ट अटॅकसारखं, पण मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या असतात. पेशंट बहुतेक पाळी गेलेल्या बायका. २००४ मध्ये जपानच्या निइगाता भागात भूकंप झाला तेव्हा असे पेशंट एकदम वाढले होते. तेव्हा "आईला काही नाही, ती खंबीर आहे" असं म्हणून छातीत दुखणं अंगावर काढू देऊ नका.

आता तुम्हालाच एक प्रश्न. पुराआधी आईला प्रेशरची गोळी चालू होती का? असली तर पुरात ती कुठे होती?

---

चिपळूणची_लेक

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि आईला विचारलं. चार वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

गोळ्यांचा डबा फ्रिजवर होता. फ्रिज आडवा होऊन तरंगला, डबा गेला. तिने सगळ्यांचे कागद नेले, देव नेले, माझा लॅपटॉप नेला, गोळ्या राहिल्या. औषधाची दुकानंही पाण्यात होती. अकरा दिवस तिने गोळी घेतलेली नव्हती. मला सांगितलं नाही, कारण "तू आधीच घाबरलेली होतीस, तुझ्या डोक्याला आणखी एक ताप कशाला."

मी अजून तशीच बसलेय.

---

साधा_फिजिशियन

स्वतःला दोष देऊ नका. ही गोष्ट मी दर पुरात ऐकतो. आणि प्रेशरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अ‍ॅटेनोलॉल, अचानक बंद पडल्या तर प्रेशर आणि नाडी आणखी उसळतात. त्यात मदतीच्या पाकिटातला फरसाण, बिस्किटं, चिवडा, म्हणजे मीठच मीठ. बँकेच्या बाकावर जे दिसलं त्यात मनाचा भाग होताच, पण शरीर तीन आठवडे आधीपासून तापलेलं होतं. या वयात दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

---

कोरडा_पाऊस

धागा चांगला आहे, पण मला थोडा विरोध नोंदवायचाय. वय झालं की माणूस शांत होतो, निवड करतो, हे वाचून मला आमच्या घरात काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. माझे वडील ७६. कारखान्यात सुपरवायझर होते, संप बघितले, अंगावर धावून आलेली माणसं बघितली, कधी डगमगले नाहीत. गेल्या दीड वर्षात बेल वाजली तरी दचकतात. कामवाल्या मावशींनी पाच मिनिटं उशीर केला की घर डोक्यावर घेतात. आईवर ओरडतात, आणि मग दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. कुठाय तो अनुभव? आम्ही घरातले सगळे खरंच थकलोय.

---

साधा_फिजिशियन

तुमचा विरोध योग्य आहे. मी जे लिहिलं ते सरासरीचं आहे, आणि सरासरी कुणाच्या घरात राहत नाही. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. आयुष्यभर एका स्वभावाचा असलेला माणूस सत्तरीनंतर दीड वर्षात बदलला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. तो बदल तपासायचा असतो.

सगळ्यात आधी कान. ऐकू कमी आलं की बेल एकदम अंगावर येते, आणि घरातले आपल्याबद्दलच कुजबुजतात असं वाटतं. मग थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगा. या वयात त्यांनी गोंधळ वाढतो आणि पडणंही वाढतं. स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या. आणि नैराश्य. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा रडत येत नाही. चिडचिड, पोट साफ न होणं, "अंगात काही राहिलं नाही", असं येतं. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसतील तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि ओरडण्याचा सगळा भार आई उचलतायत, त्यांच्याशीही वेगळं बोला.

---

कोरडा_पाऊस

धन्यवाद डॉक्टर. कानाचं कधी डोक्यातच आलं नाही. टीव्हीचा आवाज वाढवतात म्हणून आम्ही भांडतो रोज. उद्याच नंबर लावतो.

---

निवृत्त_मास्तर

मी ७२ वर्षांचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं. धाग्यात आमच्याबद्दल चाललंय, तर आमच्या बाजूनेही दोन शब्द.

आम्ही शांत दिसतो त्यामागे थोडा अनुभव आहे, पण जास्त करून आम्ही गोष्टी सोडून दिलेल्या असतात. मी सोसायटीच्या मीटिंगला जाणं पाच वर्षांपूर्वी बंद केलं. रात्री सातनंतर बातम्या बघत नाही. ज्या दोन नातेवाइकांकडून आलो की रात्रभर झोप लागायची नाही, त्यांच्याकडे लग्नकार्यापुरताच जातो. चाळिशीत हे जमलं नसतं. तेव्हा लोक काय म्हणतील हा प्रश्न मोठा होता.

मला हार्मोनियमचा नाद आहे. पूर्वी द्रुत लयीत हात सुटायचा, आता बोटं ऐकत नाहीत. मग तीनचार रागच ठेवलेत, पण त्यांचा रियाज दुप्पट करतो. विलंबित आणखी संथ घेतो, म्हणजे पुढची मध्यलयही ऐकणाऱ्याला जलद वाटते. माझ्या मुलीने सांगितलं की पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन ऐंशीच्या घरात नेमकं हेच करायचे, आणि पाउल बाल्टेस नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ म्हातारपण समजावताना त्यांचंच उदाहरण देत असत. थोडं निवडायचं, तेच घोटायचं, आणि जे गेलं त्याची दुसरीकडून भरपाई करायची. ताणाचंही मी असंच करतो.

पण बँकेच्या त्या बाकावर माझ्या मते काय झालं ते सांगतो. पुरात ताईंच्या आईंच्या हातात सगळं होतं. काय आधी, काय नंतर, कुणाला हाक मारायची, सगळे निर्णय त्यांचे. बँकेत त्यांच्या हातात काहीच नव्हतं. स्वतःचे पैसे, स्वतःचं नाव, स्वतःचा अंगठा, आणि मशिन म्हणतं तुम्ही तुम्ही नाही. माझ्याशी असं एकदा झालंय, दुसऱ्या एका कार्यालयात, हयातीच्या दाखल्यासाठी. मी समोर उभा होतो आणि जिवंत असल्याचा पुरावा द्या म्हणत होते. नोकरीत चौकशा झाल्या, बदल्या झाल्या, कधी छातीत असं भरून आलं नव्हतं.

आणि मुलांना एक विनंती. आमच्यापासून गोष्टी लपवू नका. ताईंच्या आईंनी गोळ्यांचं लपवलं, तसं तुम्हीही आमच्यापासून जावयाची नोकरी, नातवाचं आजारपण लपवता. आम्हाला घरातल्या आवाजांवरून कळतं. अर्धवट कळलेलं रात्री जास्त छळतं. आम्हाला एखादं काम द्या. १९७६ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका मजल्यावरच्या लोकांना आपापलं रोपटं निवडून सांभाळायला दिलं आणि रोजचे छोटे निर्णय तुमचे तुम्ही घ्या म्हणून सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण पाणी घालायला नर्स. पहिल्या मजल्यावरची माणसं थोड्याच दिवसांत जास्त हिंडूफिरू, बोलू लागली. आमच्या विरंगुळा केंद्रात मी हे रोज बघतो. ज्याच्याकडे किल्ली असते तो पाऊस असला तरी येतो.

---

मुठाकाठ

मास्तर, "ज्याच्याकडे किल्ली असते तो येतो" हे वाक्य आज बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण लाईटबिल भरायचं काम परत त्यांच्याकडे घेतलं. 🙏

---

तेरणाकाठ

मी किल्लारीजवळचा. भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. मी नऊ वर्षांचा होतो, आजोबा साठीचे.

धाग्यात आधी पूर बघितला असला की पुढचा पूर सोपा जातो असं आलंय. ते खरं असेल, पण आमच्याकडं आधीचं काहीच नव्हतं. दगडमातीचं घर अंगावर येतं हे कुणाच्या बापजाद्यानं बघितलं नव्हतं. आजोबांनी त्यांचा भाऊ, भावजय आणि माझी आत्या स्वतःच्या हातानं बाहेर काढली. रडले नाहीत. चौथ्या दिवशी बैल घेऊन रानात गेले. सगळे म्हणाले, केवढं काळीज. मी पण तेच ऐकत मोठा झालो.

पण आजोबा त्यानंतर छताखाली झोपले नाहीत. सरकारनं नवं घर बांधून दिलं, भूकंपात टिकेल असं. ते अंगणात पत्र्याच्या शेडात बाज टाकायचे, थंडीत पण. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, लांब लांब घरं. जुन्या गावात दारात बसलं की चार घरं बोलायची. नव्या गावात बोलायला चालत जावं लागायचं, आणि गुडघं दुखत होते. मला वाटतं धक्क्यापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं. पहाटे चारच्या आत उठून बसायचे, मरेपर्यंत. कुणी विचारलं तर, "गुरांना वैरण टाकायचीय." गुरं विकून दहा वर्षं झाली होती.

तर कामात गुंतला, रडला नाही, म्हणजे सावरला असं धरू नका, एवढंच सांगायचंय.

---

चिपळूणची_लेक

तेरणाकाठ दादा, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. वैरणीचं वाक्य विसरणार नाही. आई पण त्या पहाटेच्या वेळेला उठतेच, पाऊस असो नसो.

---

न्यूजर्सीची_मावशी

एक वेगळा मुद्दा. इथे बहुतेक एकदाच येऊन गेलेल्या संकटाबद्दल बोलणं झालं. माझी आई ७१, साताऱ्याला असते. बाबांना सहा वर्षं झाली, स्मृतिभ्रंश. ती एकटी करते. मदतीला बाई आहे, पण बाबा तिच्या हातचं जेवत नाहीत. मी वर्षातून एकदा महिनाभर जाते. व्हिडिओ कॉलवर आई कायम हसरी. "आमचं छान चाललंय गं" हे ठरलेलं. या वेळी गेले तर तिच्या पायाला भाजलं होतं, चहाचं आधण सांडून. सव्वा महिना झाला होता, जखम तशीच ओली. साखर नाही तिला.

परत आल्यावर मी शोधलं. ओहायोमध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. घरात स्मृतिभ्रंशाच्या माणसाचं करणाऱ्या १३ बायका, आणि त्याच वयाच्या, तेवढ्याच उत्पन्नाच्या पण हे काम नसलेल्या १३. सगळ्यांच्या हाताला साडेतीन मिलिमीटरची बारीकशी जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. करणाऱ्या बायकांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. नऊ दिवस! वाचताना मला आईचा पाय दिसत होता.

डॉक्टर म्हणाले तसं, वय झालं की लांबणारा ताण शरीराला पेलत नाही. आणि आपल्याकडे सत्तरीच्या बाईच्या वाट्याला हाच ताण येतो, ज्याला टाळणं, सोडून देणं, निवड करणं काही लागू नाही. नवरा कसा सोडून देणार? मास्तरांनी सांगितलेले सगळे उपाय तिच्या हाताबाहेरचे आहेत. मी आता आठवड्यातून दोन दुपारी बाबांसाठी प्रशिक्षित ब्रदर लावलाय. पहिल्या दोन आठवड्यांत आई बाहेर पडेना, दाराआड बसून राहायची. तिसऱ्या आठवड्यात भजनी मंडळात गेली. परवा फोनवर म्हणाली, "आज टाळ माझ्याकडे होते." बाबांच्या आजारानंतर तिने स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिलीच गोष्ट असेल.

---

साधा_फिजिशियन

मावशी, तुम्ही जे केलंत ते कुठल्याही गोळीपेक्षा मोठं आहे. जखम मात्र सर्जनना दाखवा, एवढा वेळ ओली राहू देऊ नका. आणि ज्यांना गावात कुणी मिळत नाही त्यांच्यासाठी, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे. काळजी घेणाऱ्यांनीही फोन केला तर चालतो.

---

अठ्ठाविशी

सगळा धागा एका दमात वाचला. मी आयटीत आहे, अठ्ठावीस वर्षांची, आणि रोज छातीत गोळा घेऊन झोपते. मला वाटायचं आजीला काय, तिला टेन्शन कसलं. आज संध्याकाळी तिला विचारलं, तुला कशाची भीती वाटते. ती म्हणाली, "बाथरूममध्ये पडायची. आणि तू रात्री जेवत नाहीस त्याची." एक तास बोललो. उद्या बाथरूमला दांडा बसवायला माणूस येतोय.

---

चिपळूणची_लेक

दोन दिवस आईला एकेक प्रतिसाद वाचून दाखवत होते. मास्तरांचा तिने दोनदा वाचायला लावला. हयातीच्या दाखल्याशी थांबून म्हणाली, "बघ, त्यांना पण झालं." किल्लारीच्या आजोबांशी मात्र थांब म्हणाली, चष्मा पुसला आणि उठून आत गेली.

मी विचारलं, बँकेत नेमकं काय झालं होतं तुला? मला वाटलं मास्तरांसारखं काही सांगेल. ती म्हणाली, "पुरात मला माहीत होतं पाणी उतरणार. पाणी उतरतंच. बँकेत कळेना हे कधी संपणार."

आता घरातल्या गोष्टी. गोळ्यांचा एक महिन्याचा साठा, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि प्रेशरचं मशिन घट्ट झाकणाच्या डब्यात घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलंय, कागदांच्या वर. पेटी बारा महिने माळ्यावरच राहील. दर महिन्याला गोळ्या बदलायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. प्रेशर सकाळी मी मोजते आणि वहीत ती लिहिते. काल १३८/८२. बँकेचं काम तिचं तीच करणार म्हणतेय, मी फक्त बरोबर जायचं आणि तिने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी अट घातलीय.

आणि आज दुपारी समोरची सून आली होती, तीच, खिडकीतली. आता तिला तीन वर्षांची मुलगी आहे. तिच्या घरी चौकटीवर रेघ नाही, कारण पुरानंतर नवी दारं लावली. आई खिळा आणि टेप घेऊन तिच्याकडे गेली. रस्त्यापासून उंची मोजून २०२१ ची रेघ कुठे येईल ते काढलं आणि तिलाच ओढायला लावली. रेघ तिच्या डोक्याच्याही वर आली, तेव्हा तिला स्टुलावर चढावं लागलं. मी स्टूल धरून उभी होते. आई खालून तिला सांगत होती, "आणि पाणी दिसलं की आधी काय करायचं?"